पळत आणि पळून

फौजी माझ्याकडे ज्युनिअर म्हणून आला तेव्हा त्याची सनद कोरी करकरीत होती आणि कानांवरचे केस पांढरे व्हायला लागले होते. सैन्यातली नोकरी पुरी करून, पेन्शन घेऊन, मग विशीतल्या पोरांबरोबर लॉ कॉलेजच्या बाकावर बसून तो वकील झाला होता. जळगावच्या कोर्टात तेव्हा माझं बरं चाललेलं होतं. माझ्या ऑफिसच्या दारात उभं राहून त्याने टाचा जुळवल्या.

मी म्हणालो, "हे ऑफिस आहे, परेडचं मैदान नाही. आत या."

"सवय आहे नाना. जाईल हळूहळू."

ती गेली नाही. पुढे तो लोकसभेत निवडून गेला, पुन्हा पुन्हा गेला, आणि मी गॅलरीत बसून पाहिलं, तिथेही बोलायला उठला की आधी त्याच्या टाचा जुळायच्या.

त्याच्याबद्दल आजवर पुष्कळ छापून आलं आहे. त्यातलं बहुतेक खरं आहे. एक वाक्य मात्र खोटं आहे आणि ते जिथे तिथे उतरवलेलं असतं. त्याच्या पहिल्या, हरलेल्या निवडणुकीबद्दल लिहिताना लोक लिहितात की आईच्या एका शब्दाने मुलाचा घात केला. तो शब्द आईचा नव्हता, माझा होता. आई अजून आहे, नव्वदीच्या पुढे. इतकी वर्षं ती तो शब्द आपलाच समजून वागवत आली. ती डोळ्यांनी पाहते, कानांनी ऐकते आहे तोवर तो तिच्या अंगावरून उतरवायचा, एवढं एकच काम माझं राहिलं होतं. ते गेल्या महिन्यात झालं. कसं झालं ते इथे लिहितो, म्हणजे पुढे कोणी जुनं वाक्य पुन्हा उतरवणार नाही.

बार रूममध्ये त्याला सगळे फौजी वकील म्हणत. सुरुवातीला त्यात टिंगल होती. काळ्या कोटाला कडक इस्त्री, बुटांत तोंड दिसेल अशी पॉलिश, आणि शिपाई कुलूप काढायला येई तेव्हा हा दाराशी हजर. एकदा एका वकीलमित्राने विचारलं, "काय फौजी, पाकिस्तानचा अशील येणार आहे का आज?" हा म्हणाला, "आला तर तुमच्याकडे पाठवतो. तुम्ही तारखा चांगल्या घेता. दहा वर्षं हलणार नाही तो." त्यानंतर टिंगल करणारे जरा जपून बोलायला लागले.

सैन्यात तो सिग्नलला होता. वायरलेसवर निरोप घ्यायचे आणि पुढे द्यायचे, हे त्याचं काम. ते काम त्याने कोर्टातही सोडलं नाही. त्याचं नाव झालं ते एका केसमुळे, आणि त्या केसचं मर्म एका शब्दात होतं.

चोपड्याकडच्या एका शेतकऱ्यावर शेजाऱ्याच्या बागेतले केळीचे घड कापून नेल्याचा आरोप होता. न्यायाधीश नुकतेच कोकणातून बदलून आलेले. त्यांनी आरोपीला विचारलं, "तू त्या बागेजवळ कशाला गेला होतास?" तो साधा माणूस, त्याने साधं सांगितलं, "तठे मनं वावर शे." न्यायाधीशांनी टायपिस्टला मजकूर सांगितला: तेथे माझा वावर असतो.

मी मागच्या बाकावर बसलो होतो. माझं बालपण धुळ्याजवळच्या खेड्यात गेलं, माझी आई याच बोलीत ओरडायची आणि याच बोलीत जेवायला बोलवायची. चूक मला लगेच ऐकू आली. मी मनात म्हटलं, पुढे बघता येईल. फौजी तेवढ्यात उभा राहिला होता.

"साहेब, नोंदीला हरकत आहे."

"कसली हरकत? तो बोलला तेच लिहिलं."

"साहेब, आमच्याकडे वावर म्हणजे शेत. तो म्हणतो, तिथे माझं शेत आहे. माणूस आपल्या शेतात जाणारच."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "म्हणजे इथे आल्यापासून प्रत्येक जण मला सांगतोय की मी वावरात होतो, मी वावरात होतो. मला वाटत होतं, या जिल्ह्यातली माणसं फारच भटकतात."

कोर्ट हसलं, नोंद दुरुस्त झाली आणि तो माणूस पुढे निर्दोष सुटला. संध्याकाळी ऑफिसात मी फौजीला म्हणालो की एवढ्या तेवढ्यावर न्यायाधीशांना अडवणं बरं नाही. तो फाईल बांधत होता. म्हणाला, "नाना, वायरलेसवर निरोप चुकला की माणसं जातात. निरोप जसा आला तसा पुढे द्यायचा. आपल्याला आवडो न आवडो." मी ते हसण्यावारी नेलं. पण ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं, आणि पुढे ते मला फार महागात पडलं.

त्या केसनंतर चोपडा, अमळनेर, शिरपूर, कुठून कुठून माणसं त्याला शोधत यायची. कोर्टात आपण बोललो ते आपलंच लिहिलं जाईल, याची खात्री त्यांना पहिल्यांदा वाटली. माझ्या ऑफिसच्या पायऱ्यांवर बसलेले लोक मला नमस्कार करायचे आणि विचारायचे, "फौजी शे का?"

हळूहळू त्याला निवडणुकीला उभं करा अशी बोलणी सुरू झाली. आता माझी बाजू सांगतो. दिल्लीला जावं ही इच्छा माझी होती, खूप जुनी. मी भाषणं चांगली करायचो, शुद्ध बोलायचो, सगळ्या पुढाऱ्यांकडे माझी ऊठबस होती. प्रत्येक वेळी मला सांगितलं जायचं, पुढच्या खेपेला बघू. आणि माझ्याच ऑफिसातून, माझ्याच टेबलासमोरच्या खुर्चीवरून लोकांनी त्याला उचललं. त्यात आणखी एक गोष्ट होती, तीही लिहितो. त्याचे वडील कापसाच्या जिनिंग कारखान्यात हमाल, आई कापूस वेचायला जाणारी, घर बौद्धवाड्यातलं. माझ्या वडिलांची मोठी शेती होती. मी स्वतःला सुधारलेला समजत असे, पण तो कुठून आला आहे हे मी विसरत नव्हतो. त्याने माझ्या पुढे जावं, हे मला सोसलं नाही. तोंडाने मी त्याचा प्रचार करत होतो.

मतदान जवळ आलं तेव्हा पुण्याहून एक तरुण पत्रकार आला. चांगला मुलगा होता, नीट प्रश्न विचारणारा. त्याला उमेदवाराच्या आईला भेटायचं होतं. फौजी प्रचारात साक्रीकडे होता. त्याने मला फोन केला. "नाना, त्याला आईची बोली कळणार नाही. तुम्ही जाल का सोबत? दुसऱ्या कोणावर माझा भरवसा नाही."

मी गेलो.

सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं गाव. अक्का ओट्यावर सुपात दादर ज्वारी निवडत बसल्या होत्या. फौजीच्या आईला मी अक्काच म्हणायचो. मला पाहून त्या म्हणाल्या, "ये, बठ." त्या मला नेहमीच अरेतुरे करत, वकील असलो तरी. आतल्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्याखाली गणवेशातला मुलगा.

पत्रकाराने विचारलं, "आजी, मुलगा सैन्यात गेला तेव्हा भीती नाही वाटली?"

"भेव कसाना? मना आंडोर शे."

आंडोर म्हणजे मुलगा. हे त्याला मी सांगितलं. मग अक्कांनी आपणहून ती हकीकत काढली. जिनिंगच्या पट्ट्यात त्यांच्या नवऱ्याचा हात सापडला होता. मुलाला तार गेली. तो तेव्हा पार उत्तरेकडे कुठेतरी बर्फात. रीतसर रजा मंजूर करून घेऊन गाड्या बदलत तो भुसावळला उतरला, चोपड्यापर्यंत एसटीने आला आणि पुढे गावाकडे वाहन नाही म्हणून ट्रंक स्टँडवर ठेवून रस्त्याने पळत सुटला. अक्कांनी शेतातून पाहिलं, खाकी कपड्यातलं कोणीतरी धूळ उडवत येतंय. वडिलांचा हात गेला, पण जीव राहिला. मुलगा उशाशी बसून राहिला आणि रजा संपली तसा परत गेला. हे सगळं मला आधीपासून माहीत होतं. अक्कांनी मात्र ते फार थोडक्यात सांगितलं. सांगताना त्यांचा हात सुपातच होता.

"तार भेटनी तसा पयत उना. रजा सरनी तसा मांगे गया."

एवढं बोलून त्या चहा ठेवायला आत गेल्या.

आमच्या बोलीत ळ चा य होतो. जळगावचं जयगाव होतं, धुळ्याचं धुये, आणि पळतचं पयत. पयत उना म्हणजे पळत आला. पळून आला म्हणायचं असेल तर आमच्याकडे पयीसन उना म्हणतात. या दोन शब्दांत गल्लत करणारा माणूस खानदेशात जन्मलेला नसतो.

"काय म्हणाल्या त्या?" पत्रकाराने विचारलं.

मी म्हणालो, "तार मिळाली तसा पळून आला."

त्याचं लिहिणं थांबलं. "पळून? म्हणजे सैन्यातून?"

आतून कपबशीचा आवाज येत होता. दुरुस्त करायला पुष्कळ वेळ होता. मी म्हणालो, "तिचे शब्द आहेत."

पहिला शब्द माझ्या तोंडातून कसा निघाला, ते मला आजही शपथेवर सांगता येणार नाही. जीभ घसरली असेल. वर्षानुवर्षं शुद्ध बोलण्याच्या नादात माझी बोली माझ्यापासून लांब गेली असेल. पण 'रजा सरनी तसा मांगे गया' हे वाक्य मी त्याला सांगितलंच नाही. ते मी जाणूनबुजून गिळलं. हे मात्र शपथेवर सांगतो.

अक्का चहा घेऊन आल्या. गुळाचा होता. मी तो प्यायलो.

मतदानाला दोन दिवस असताना बातमी आली. मथळा असा होता की सैन्यातून पळून आल्याची आईचीच कबुली. फौजीने डिस्चार्ज बुक काढून सगळ्यांसमोर ठेवलं. त्यात पुरी नोकरी, उत्तम वर्तणूक, सगळं लिहिलेलं होतं. बाजारात लोक म्हणाले, ते इंग्रजीत आहे, आई तर मराठीत सांगते. कार्यकर्ते त्याच्या मागे लागले, म्हातारी चुकून बोलली असं एक पत्रक काढा, एका दिवसात सगळं निवळेल.

तो म्हणाला, "आई चुकून बोललेली नाही. तिला चूक ठरवून मला दिल्लीला जायचं नाही."

मी त्याच खोलीत बसलो होतो. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. थोड्याच मतांनी तो पडला.

निकालानंतर काही दिवसांनी मी अक्कांना भेटायला गेलो. का गेलो, ते नीट सांगता येत नाही. त्या ओट्यावरच होत्या. मला पाहून उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "या, बसा."

मला एकदम वाटलं, आपण चुकीच्या घरी आलो. त्या मास्तरांसमोर उभ्या असल्यासारख्या एकेक शब्द जोडून बोलत होत्या. "माझ्या बोलण्याने मुलाचं नुकसान झालं. मला शुद्ध येत नाही. आता मी बाहेरच्या माणसांशी नीट बोलते."

तेव्हा सांगायला हवं होतं. मी काय केलं, तर त्यांची समजूत घातली. म्हणालो, "होतं असं कधी कधी, अक्का. मनाला लावून घेऊ नका."

माझ्या सगळ्या वागण्यात ही समजूत सगळ्यात वाईट होती, असं मला अजून वाटतं.

फौजी मात्र पराभव खिशात घालून हिंडत राहिला. कोर्ट चालूच होतं. पुढच्या निवडणुकीत तो पुन्हा उभा राहिला, आणि धुळ्याच्या बाजारात काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. जीप मिरचीच्या ढिगांमधून हळू चालली होती. गर्दीतून एकाने आवाज दिला, "काय फौजी, या टायमाले कोठे पयशी?"

कार्यकर्त्यांचे चेहरे पडले. फौजीने जीप थांबवली आणि खाली उतरला.

"दिल्लीले," तो म्हणाला. "आनि पयतच जासू."

बाजार हसला. हसू ओसरू देऊन तो पुढे बोलला. "माझ्या बापाचा हात मशीनमध्ये सापडला तेव्हा मी पयत आलो. तुमच्यापैकी कोण चालत आला असता? हात वर करा. तुम्हीही हाक मारा. मी पयत येसू."

कोणीच हात वर केला नाही. ज्याने आवाज दिला होता तो मिरच्यांच्या पोत्याआडून म्हणाला, "बसा फौजी, ऊन लागी जाई." पुन्हा हसू फुटलं. संध्याकाळपर्यंत ते वाक्य तापीच्या दोन्ही काठांवर पोचलं. भिंतींवर चुन्याने लिहिलेलं दिसायला लागलं: हाक मारा, पयत येसू. ज्या शब्दाने त्याला पाडलं होतं त्याच शब्दावर तो निवडून आला, आणि असा आला की समोरच्यांनी मोजणी संपायच्या आत मांडव सोडला.

मिरवणूक कोर्टासमोरून गेली. न्यायाधीशसुद्धा खिडकीत आले होते. गुलालाने त्याचा काळा कोट लाल झाला होता, कारण त्याने हट्टाने कोट घातला होता. मला पाहून तो उघड्या जीपमधून खाली उतरला आणि माझ्या पाया पडला. मी हार घातला. माझ्या कानाशी येऊन तो म्हणाला, "नाना, आई नाही आली. म्हणते, मी आले तर कोणी बोलायला लावेल."

खासदार झाल्यावर तो खरंच पळत यायचा. तापीला पूर आला तेव्हा गाडी चिखलात रुतली, तर तो एका दूधवाल्याच्या मोटारसायकलवर मागे बसून आला. केळीच्या वॅगनसाठी भुसावळला इतके हेलपाटे घातले की तिथले अधिकारी त्याला पाहून आपणहून कागद पुढे करायचे. आणि वॅगन लागल्या. आमच्याकडचा माल पिवळा पडायच्या आत उत्तरेत पोचायला लागला. जुन्या सैनिकांच्या अडकलेल्या पेन्शनी त्याने एकेक करून सोडवल्या. अशा एका सैनिकाच्या विधवेने त्याच्या हातावर पेढा ठेवत विचारलं, "भाऊ, तू कोनता पक्षना?" तो म्हणाला, "ताई, आधी पेढा खाऊ दे, मग भांडू."

एकदा त्याने मला दिल्लीला बोलावून पास दिला. मी गॅलरीत बसलो. त्या दिवशी तो कोर्टातल्या जबाबांवर बोलला, मराठीत बोलला. साक्षीदाराचं बोलणं त्याच्याच बोलीत आधी लिहून घ्या, मग त्याचा अर्थ लिहा, एवढीच त्याची मागणी होती. त्याने वावरची गोष्ट सांगितली. कोकणातले न्यायाधीश चष्मा काढून काय म्हणाले ते सांगितल्यावर दोन्ही बाजूंची बाकं हसली. अध्यक्षांनीही हसत हसतच त्याला आटपायला सांगितलं. वावर या शब्दाचा अर्थ त्या दिवशी देशाच्या संसदेत नोंदला गेला, आणि बरोबर नोंदला गेला.

माझ्या कानाला हेडफोन होता. आत कोणी अनोळखी दुभाषी त्याचं प्रत्येक वाक्य हिंदीत सांगत होता. त्याचा फौजीशी काही संबंध नव्हता, त्याला मिरवायला मिळणार नव्हतं, तरी तो निरोप जसाच्या तसा पोचवत होता. मी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. माझ्या माणसाचा असा सन्मान होत होता आणि मला मान वर करून तो पाहता येत नव्हता.

यंदा फौजीने जाहीर केलं की आपण आता उभे राहणार नाही. धुळ्याच्या लोकांनी सत्कार ठरवला आणि समितीची मंडळी जळगावला पिंप्राळ्यात माझ्या घरी आली. "नाना, तुम्ही त्यांचे गुरू. तुम्ही बोलायलाच हवं."

"अक्का येणार आहेत का?" मी विचारलं.

"येतील. पण बोलणार नाहीत अशा अटीवर."

मी होकार दिला. त्यानंतर रोज सकाळी फिरायला गेलो की मी मनातल्या मनात भाषण म्हणून पाहायचो, आणि रोज 'पळून' या शब्दाशी येऊन थांबायचो. समोरून येणारे ओळखीचे लोक हात करायचे. त्यांना वाटत असेल, नानांना आता धाप लागते.

सभागृह भरलं होतं. माजी सैनिक बिल्ले लावून रांगेने बसले होते. चोपड्याकडची माणसं ट्रॅक्टरने आली होती, त्यांत केळीच्या केसमधल्या शेतकऱ्याचा नातूही होता. तो ज्याला त्याला सांगत होता, "आमनं वावर आजूनबी तठेच शे." पहिल्या रांगेत चाकाच्या खुर्चीवर अक्का. पांढरं पातळ, अंग मुठीएवढं झालेलं. सूत्रसंचालक तरुणीने लाडाने माईक त्यांच्यासमोर धरला. त्यांनी दोन्ही हातांनी तो बाजूला केला. "नको, नको. मला नाही बोलता येत."

ती शुद्ध मराठी ऐकली आणि माझ्या मनात उरलीसुरली चलबिचल होती तीही संपली. माझी पाळी आली. मी उभा राहिलो.

"मी शपथेवर बोलतो आहे असं धरा," मी म्हणालो. "या माणसाची पहिली निवडणूक त्याच्या आईच्या शब्दाने गेली, असं तुम्ही सगळे समजता. अक्कासुद्धा तेच समजतात. त्या दिवशी त्या ओट्यावर पत्रकाराशेजारी मी होतो. अक्का म्हणाल्या, पयत उना. मी सांगितलं, पळून आला. त्याने विचारलं, पळून? मी म्हणालो, तिचे शब्द आहेत. अक्का पुढे म्हणाल्या, रजा सरनी तसा मांगे गया. ते मी सांगितलंच नाही. अक्का, तुमच्या बोलीत काही चूक नव्हती. चूक माझ्या मनात होती. मला तुमच्या मुलाचा हेवा वाटत होता."

 मागून कोणी म्हातारा मोठ्याने विचारता झाला, "काय म्हनस तो?" शेजारच्याने त्याच्या कानात ओरडून सांगितलं, "नाना म्हनस, पयत व्हतं, पयीसन नई." म्हातारा सगळ्यांच्या वतीने म्हणाला, "ते तर बठ्ठासले माहीत शे. आंडोर असा कसा पयी?"

मी व्यासपीठावर तसाच उभा होतो. खाली जायचं की बसायचं ते कळत नव्हतं. फौजी खुर्चीतून उठून माझ्याजवळ आला. आता तोही वाकला आहे, पण टाचा जुळल्याच. हळू आवाजात म्हणाला, "नाना, तुम्ही साक्षीदार आहात हे मला ठाऊक होतं. समन्स काढणं जिवावर आलं."

मी त्याच्यापुढे हात जोडले.

"आता आपणहून हजर झालात," तो म्हणाला. "पण उशीर फार झाला. विलंबमाफीचा अर्ज आईकडे करा. ते माझ्या अधिकारात नाही."

मी खाली उतरलो. पायऱ्यांवर त्याच्या हाताचा आधार घ्यावा लागला. अक्कांसमोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग उजवा हात त्या तरुणीकडे केला. तिला कळेना. अक्कांनी बोटं हलवली. तिने माईक दिला.

"तवय मी तुले गुयना चहा पाजा," अक्का म्हणाल्या.

एवढंच. सगळं सभागृह फुटलं. माजी सैनिक हसत होते, फौजी डोळे पुसत हसत होता, मीही हसलो बहुतेक. अक्का हसल्या नाहीत. हसू थांबेपर्यंत त्या माईक घट्ट धरून बसल्या आणि मग बोलू लागल्या. जिनिंगचा पट्टा, तार, बर्फ, चोपड्याच्या स्टँडवर ठेवलेली ट्रंक, धूळ उडवत येणारा मुलगा, सगळं त्यांनी सांगितलं. त्या दिवशी ओट्यावर दोन वाक्यांत सांगितलेलं या वेळी पुरतं सांगितलं. एकही शब्द शुद्ध नव्हता आणि एकही शब्द जागचा हलला नव्हता. कोणी त्यांना आटपायला सांगितलं नाही. बोलता बोलता त्यांचा आवाज तरुण बाईसारखा झाला. शेवटी त्या माझ्याकडे वळल्या.

"तार भेटनी तसा पयत उना. रजा सरनी तसा मांगे गया. आते बराबर लिखी ले."

टाळ्या किती वेळ चालल्या ते मला माहीत नाही. मला अक्कांशेजारची खुर्ची दिसत होती. तिच्यावर त्यांची नात बसली होती. अक्कांनी तिला डोळ्यांनी उठवलं आणि त्या रिकाम्या खुर्चीवर हात ठेवला.

"ये," त्या मला म्हणाल्या. "बठ."